पाय मिळाला, चालणं मिळालं का?

तालुक्याच्या गावी कृत्रिम अवयवांचं शिबिर झालं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आकडे असतात: इतक्या जणांना पाय, इतक्यांना कॅलिपर, इतक्यांना कुबड्या. सहा महिन्यांनी त्यातले किती पाय रोज वापरात आहेत आणि किती माळ्यावर पडून आहेत, हे मात्र कुठं छापून येत नाही. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं या विषयाकडे आपण वस्तूच्या बाजूनं पाहतो. ती कशाची आहे, केवढ्याला पडते, परदेशी आहे की देशी, असे आपले प्रश्न असतात. फिजिओथेरपी या विषयाकडे दुसऱ्या बाजूनं पाहते. वस्तू अंगाला जिथं टेकते तिथं काय होतं आणि ती अंगावर चढल्यानंतरच्या आठवड्यांत माणूस काय शिकतो, हे तिचे प्रश्न. साधनाचं यश याच दोन ठिकाणी ठरतं, असं मी ठामपणे म्हणेन.

गमावलेल्या अवयवाच्या जागी बसतं ते प्रोस्थेसिस. अवयव आहे, पण दुबळा, वाकडा किंवा दुखरा आहे, त्याला बाहेरून आधार देतं ते ऑर्थोसिस. दोन्हींची अडचण एकच आहे. दोन्हींना आपलं बळ कातडीतूनच आत पोचवावं लागतं आणि तळपाय सोडला तर शरीरावरची कातडी असा भार घेण्यासाठी घडलेली नाही. चालताना टाच टेकते त्या वेळी पायावर येणारा जोर शरीराच्या वजनापेक्षाही थोडा जास्त असतो. हा जोर छोट्या जागेवर आला तर जखम होते, मोठ्या जागेवर पसरला तर सोसतो. म्हणून या शास्त्राचं पहिलं सूत्र म्हणजे स्पर्श जास्तीत जास्त जागेवर हवा. दुसरं सूत्र असं की सगळ्या जागा सारख्या नसतात. काही दाब सोसतात, काहींना तो अजिबात चालत नाही.

गुडघ्याखाली पाय कापलेल्या रुग्णाचं, म्हणजे रोजच्या भाषेत ‘बीके’ पेशंटचं सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ते कवच, पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. पूर्वी अशा रुग्णाला मांडीभोवती चामड्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना लोखंडी सांधे घालून पाय बसवत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटानं 1950 च्या दशकाच्या अखेरीस पटेलर टेंडन बेअरिंग, म्हणजे पीटीबी सॉकेट मांडलं आणि मांडीचा तो सगळा पसारा गेला. गुडघ्याच्या वाटीखाली जी घट्ट दोरी बोटाला लागते, ती दाब सोसते. म्हणून सॉकेटला नेमका तिथं आत फुगवटा देतात. नडगीच्या आतल्या बाजूचा रुंद उतारही भार घेतो. नडगीची पुढची धार, हाडाचं कापलेलं टोक आणि बाहेरच्या बाजूला गुडघ्याखाली लागणारी हाडाची गाठ यांना मात्र सॉकेटमध्ये जागा मोकळी ठेवावी लागते. त्या गाठीला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते. पाय उरलेल्या माणसात तिथं बेतलेल्या कॅलिपरचा पट्टा जरी चुकीच्या जागी आवळला तरी पाऊल लुळं पडू शकतं.

सॉकेट बसलं की नाही, हे तपासायला महागडी यंत्रं लागत नाहीत. सॉकेटच्या तळाशी मऊ मातीची छोटी गोळी ठेवून रुग्णाला उभं करतात. गोळी दबून चपटी झाली तर टोकाशी स्पर्श आहे, जशीच्या तशी राहिली तर पोकळी आहे. ही पोकळी धोक्याची असते. वरून घट्ट आणि खाली मोकळं असं सॉकेट स्टंपचं, म्हणजे कापल्यानंतर उरलेल्या भागाचं टोक आत ओढून घेतं. ते सुजतं, काळपट तपकिरी होतं, दुर्लक्ष झालं तर कातडी खडबडीत होऊन चिघळते. दुसरी परीक्षा डोळ्यांची. थोडा वेळ चालवून पाय काढायचा आणि लाली कुठं आली ते पाहायचं. दाब सोसणाऱ्या जागी लाली आली आणि दहाएक मिनिटांत विरली तर सगळं ठीक. हाडाच्या धारेवर आली किंवा गेलीच नाही, तर रुग्ण ‘होईल सवय’ म्हणाला तरी त्याला घरी पाठवू नये. ही सवय होत नसते. पुढं जखम होते आणि जखम झाली की पाय माळ्यावर जातो.

पण सॉकेटच्या आधी स्टंप असतो, आणि तिथं आपल्याकडे फार नुकसान होतं. शस्त्रक्रिया झाली, टाके काढले, रुग्ण घरी गेला. घरच्यांनी मायेनं गुडघ्याखाली उशी दिली. दुखणं थोडं कमी होतं, म्हणून रुग्णही गुडघा वाकवूनच पडून राहतो. काही आठवड्यांत गुडघ्यामागचे स्नायू आखडतात आणि गुडघा सरळ होईनासा होतो. मग कितीही चांगला पाय आणला तरी तो माणूस वाकलेल्या गुडघ्यानं चालणार आणि पायाचं माप जुळवताना तंत्रज्ञ घामाघूम होणार. मांडीत पाय कापलेल्या, म्हणजे ‘एके’ रुग्णाचं खुब्याच्या बाबतीत हेच होतं. दिवसभर खुर्चीत किंवा खाटेवर बसून खुबा पुढं आखडतो. दिवसातून काही वेळा पालथं झोपणं, इतका साधा उपाय त्याला वाचवतो. सांगणारा कुणी भेटला तर.

स्टंपला आकार द्यायचं कामही याच दिवसांतलं. क्रेप बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळायचं, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. गोल-गोल वेढे मारले तर मधेच करकोचा पडतो आणि टोक फुगतं. बँडेज दिवसातून अनेकदा सोडून पुन्हा बांधावं लागतं, त्यामुळं ते घरातल्या कुणाला तरी हातानं करून दाखवावं लागतं. कागदावरच्या चित्रावरून ते येत नाही. त्याच काळात कातडी सरावण्यासाठी हलकं थापटणं, घासणं चालू ठेवावं लागतं. नसलेल्या पावलाची आग होते, बोटं मुरगळल्यासारखी वाटतात, ही तक्रार खरी असते. रुग्णाला वेड लागलेलं नसतं. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाच्या पेटीचा प्रयोग पुढं आणला. उरलेल्या अवयवाचं प्रतिबिंब नसलेल्याच्या जागी दिसतं, तो हलताना दिसतो आणि काहींची वेदना उतरते. सगळ्यांना गुण येत नाही, पण एका आरशाचा खर्च आहे, करून पाहायला काय हरकत आहे?

कुठल्या पातळीवर कापायचं हा निर्णय शल्यचिकित्सकाचा असला तरी त्याची किंमत रुग्ण पावलागणिक मोजतो. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला ढोबळमानानं पाव हिस्सा जास्त ऊर्जा लागते. गुडघा गेला तर हा वाढीव भार साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातो. मधुमेहानं किंवा रक्तवाहिन्या बंद पडून पाय गेलेल्या वयस्क माणसाला दोन्ही पातळ्यांवर याहून जास्त लागते आणि त्याचं हृदय आधीच थकलेलं असतं. म्हणून गुडघा वाचवता आला तर वाचवायचा. आणि म्हणूनच प्रत्येकाला कृत्रिम पायच हवा, हा हट्ट धरायचा नाही. सत्तरीच्या आजोबांना चाकाची खुर्ची आणि घरात दोन पावलं टाकण्यापुरता पाय, हे अपयश नाही.

भारतात या विषयाची चर्चा जयपूर फूटशिवाय पुरी होत नाही. तो समजून घ्यायचा तर त्याआधीचा सॅच फूट पाहावा लागतो. हाही बर्कलीचाच. आत लाकडाची ताठ पट्टी, टाचेत मऊ स्पंज, घोट्याला हालचाल नाही. टाच दबते आणि पाऊल पुढं झुकल्याचा भास होतो. बुटात घालून सपाट फरशीवर चालणाऱ्याला हा पाय उत्तम. पण शेताच्या बांधावर, चिखलात, चप्पल बाहेर काढून घरात शिरणाऱ्याला, पाटावर मांडी घालून जेवणाऱ्याला आणि उकिडवं बसून शौचाला जाणाऱ्याला तो निकामी. ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. पी. के. सेठी जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात हे रोज पाहत होते. फारसं शालेय शिक्षण नसलेले पण हातात अफाट कसब असलेले कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, त्यांच्याबरोबर सेठींनी 1968 च्या सुमारास रबराचा पाय घडवला. आत लाकूड आणि सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे ठोकळे, वरून टायरसारखं व्हल्कनाइझ केलेलं कातडीच्या रंगाचं रबर. त्याला बोटं दिसतात, बूट लागत नाही, पाणी चालतं. मुख्य म्हणजे पाऊल वर झुकतं, दोन्ही बाजूंना कलतं, थोडं वळतं. उकिडवं बसायला आणि खाचखळग्यांवर चालायला याच तीन हालचाली लागतात.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की संशोधनाची सुरुवात रुग्ण दिवसभर काय करतो या प्रश्नापासून झाली. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं हा पाय देशभर आणि देशाबाहेर मोफत पोचवला. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन जयपूर फूटवर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या आणि त्यांच्यावरच्या ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनीच भूमिका केली, तेव्हा हे नाव घराघरांत गेलं.

पण पाऊल म्हणजे अख्खा पाय नव्हे. जयपूर पद्धतीत सॉकेट आणि नळीचा भाग आधी अ‍ॅल्युमिनियमचा असे, पुढं पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात त्या एचडीपीई प्लॅस्टिकचा आला. पाइप भट्टीत तापवायचा, स्टंपच्या साच्यावर चढवायचा, थंड झाला की कापायचा. हे स्वस्तात आणि एका दिवसात होतं, आणि शिबिरं त्यामुळंच शक्य झाली. दोषही तिथूनच आले. घाईत घडवलेल्या सॉकेटचा तळ उघडा राहतो, वर सांगितलेला टोकाचा स्पर्श मिळत नाही. रेषेत न बसलेला पाय रुग्णाला प्रत्येक पावलाला आत किंवा बाहेर ढकलतो. आंतरराष्ट्रीय पाहण्यांत जयपूर फूटच्या पावलापेक्षा सॉकेटची बसणी आणि पायाची जुळणी यांवरच जास्त बोट ठेवलं गेलं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं युद्धग्रस्त देशांसाठी पॉलिप्रॉपिलीनचे सुटे भाग वापरले. त्यात पाय घडवल्यानंतरही जुळणी बदलता येते, हा मोठा फायदा. पाऊल कुठलंही लावा, दुरुस्तीची सोय राहिली पाहिजे.

पाय बसला की चालणं शिकवायचं. समांतर दांड्यांमध्ये रुग्ण पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याचा सगळा भार चांगल्या पायावर असतो, कारण कृत्रिम पायाला जमीन जाणवत नाही. आधी भार इकडून तिकडे सरकवायला शिकवायचं, मग पाऊल. पुढचा टप्पा निदानाचा आहे. समजा, रुग्ण कृत्रिम पायावर उभा राहताना त्याच बाजूला अंग झुकवतो. पाय आखूड असेल. सॉकेटची बाहेरची भिंत मांडीला नीट धरत नसेल. जांघेत टोचत असेल. खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे असतील. किंवा महिनाभर कुबड्यांवर चालून लागलेली ती खोड असेल. पहिल्या तिन्ही गोष्टी प्रोस्थेटिस्टनं दुरुस्त करायच्या, पुढच्या दोन फिजिओथेरपिस्टनं. दोघं एकाच दांड्यांपाशी एकाच वेळी उभे असतील तर हे दहा मिनिटांत उलगडतं. नाही तर रुग्ण दोन खोल्यांमध्ये, पुष्कळदा दोन गावांमध्ये, हेलपाटे घालत बसतो. ‘पायातच दोष आहे’ आणि ‘व्यायाम करत नाही’ ही दोन वाक्यं त्यानं आळीपाळीनं ऐकायची.

आता आधारसाधनांकडे येऊ. त्यांचं मूळ तंत्र तीन बिंदूंचं आहे. वाकडा भाग सरळ करायचा तर वाकाच्या ठिकाणी एका बाजूनं दाबायचं आणि त्याच्या वर-खाली विरुद्ध बाजूनं अडवायचं. हे टोकाचे दोन बिंदू जितके लांब तितका कमी जोर लागतो. म्हणून पोलिओच्या रुग्णाचं कॅलिपर मांडीपासून बुटापर्यंत जातं. भारतात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला, पण त्याच्या कितीतरी आधी पोलिओ झालेले मुलगे-मुली आज मध्यमवयीन आहेत. त्यांचे खांदे कुबड्यांनी दुखायला लागलेत आणि त्यांचं लोखंडी कॅलिपर दुरुस्त करणारा कारागीर मिळेनासा झाला आहे.

अर्धांगवायूनंतर पाऊल उचलत नाही म्हणून घोट्याला प्लॅस्टिकचा आधार, म्हणजे एएफओ देतात. हे साधन फक्त पाऊल उचलून धरतं असं वाटतं, पण ते गुडघाही ताब्यात ठेवतं. घोटा किंचित वर वळवून बसवला तर टाच टेकताच नडगी पुढं ढकलली जाते आणि गुडघा वाकतो. खाली वळवला तर नडगी मागं जाते आणि गुडघा ताठ होतो. ज्या रुग्णाचा गुडघा चालताना मागं कोलमडतो त्याला पहिला उपयोगाचा, ज्याचा गुडघा पुढं लचकतो त्याला दुसरा. काही अंशांचा फरक, पण त्यावर रुग्ण जिना चढणार की पडणार हे ठरतं. दुकानातून मापाच्या आकड्यावरून आणलेला तयार एएफओ हा विचार करू शकत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत तर हे आणखी नाजूक होतं, कारण मूल वाढतं, स्नायूंचा ताण बदलतो, आणि सहा महिन्यांपूर्वी बरोबर असलेला कोन आज चुकीचा असतो.

जन्मतः वाकड्या पावलांच्या बाबतीत आधारसाधनाचं महत्त्व फार कमी लोकांना ठाऊक आहे. आयोवाच्या इग्नासिओ पॉन्सेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात, बहुतेकांत टाचेमागची घट्ट दोरी कापतात, आणि मग बूट बसवलेली पट्टी देतात. पहिले तीन महिने दिवसातून 23 तास, पुढं चार वर्षांपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ही पट्टी सोडून देणं. पाऊल सरळ दिसतं, बाळ रडतं, सासू म्हणते कशाला छळता लेकराला. एकट्या आईला सूचना देऊन हे भागत नाही. घरातल्या सगळ्यांना समोर बसवून, पट्टी काढली तर काय होतं ते स्पष्ट सांगावं लागतं.

पाठीच्या कण्याच्या बाबतीत तासांचा हिशेब आकड्यांनी सिद्ध झाला आहे. किशोरवयात कणा बाजूला वळणाऱ्या मुलामुलींवरचा अमेरिका आणि कॅनडातला मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस घालणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांमध्ये वक्रता शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेली नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. ब्रेसच्या आत उष्णता नोंदवणारं यंत्र बसवल्यामुळं तो खरोखर किती तास घातला हे कळत होतं, आणि जास्त तास घालणाऱ्यांना जास्त फायदा झाला. याच्या उलट टोकाला आपला कमरेचा पट्टा आहे. तीव्र दुखण्यात काही दिवस, ओझं उचलताना काही तास, इतपत तो ठीक. वर्षभर तो बांधून बसणारी माणसं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. त्यांच्या भीतीवर कुणी बोललेलं नसतं आणि स्नायूंना काम दिलेलं नसतं.

मधुमेही पावलांचा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात पोचला आहे, आणि त्याचं उत्तर कुष्ठरोगाच्या कामातून आलेलं आहे. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटं रोगानं झडतात असं सगळे मानत होते. ब्रँड यांनी दाखवलं की वेदना कळत नाही म्हणून रुग्ण त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो आणि पाऊल झिजतं. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल तिथल्या कामातून रुजली. मधुमेहात संवेदना गेलेल्या पावलाचं गणित तेच आहे. जखम व्हायच्या आधी मिळालेली योग्य चप्पल पुढचा कृत्रिम पाय टाळू शकते, म्हणून या सगळ्या साधनांत मी तिला सर्वांत वर ठेवीन.

हातांविषयी थोडंच. कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात हात जाणारे बहुतेक तरुण असतात. त्यांना दिसायला खऱ्यासारखा हात हवा असतो, तर काम करायला आकड्याचा हात जास्त उपयोगी पडतो. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारे हात आता देशातही बनतात, पण हात गमावलेले अनेक जण एका हातानंच सगळं शिकून घेतात आणि कृत्रिम हात बाजूला ठेवतात. त्यांचा हा निर्णय पुष्कळदा शहाणपणाचा असतो. पायाशिवाय चालता येत नाही. हातात मात्र संवेदना नसेल तर तो अडगळ होतो.

महाराष्ट्रात या कामाला जुनी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं, आणि मुंबईत हाजी अलीला 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची पदवी घेतलेल्यांची नोंदणी 1992 च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. पण हे शिकलेले लोक मोठ्या शहरांत एकवटले आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला शिबिराची वाट पाहण्यावाचून पर्याय नसतो.

शिबिरात पाय बहुधा केंद्र सरकारच्या 1981 पासूनच्या एडीआयपी योजनेतून मिळतो. योजनेची सर्वसाधारण अट अशी की त्याच कारणासाठी पुन्हा साधन घ्यायचं तर तीन वर्षं थांबायचं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची. पण नव्या स्टंपची सूज पहिल्या काही महिन्यांत उतरते, स्नायू बारीक होतात आणि पहिलं सॉकेट वर्षाच्या आत ढिलं पडतं. काही काळ मोज्यांवर मोजे चढवून भागतं, मग भागत नाही. दोन वर्षं ढिल्या सॉकेटवर चालायचं, नाही तर पाय काढून ठेवायचा, असे दोनच रस्ते त्या माणसापुढं उरतात. तिथं पाऊल बदलायची गरज नसते, नळीही तीच चालते. बदलायचं असतं फक्त सॉकेट. योजनेनं पहिल्या वर्षातला सॉकेटबदल आणि जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे ठरलेल्या फेऱ्या पहिल्या पायाच्याच खर्चात धराव्यात. शिबिर घेणाऱ्या संस्थांनीही वाटपाच्या तारखेबरोबर फेरतपासणीची तारीख पत्रिकेवर छापावी, आणि त्या दिवशी किती जण पाय घालून चालत आले तो आकडा वर्तमानपत्राला द्यावा.